चर्चच्या भिंतीवरचा प्लेग

कंटाळवाण्या लेक्चरला बाकावर कधीच काही कोरलं नाही, असं आपल्यातलं कोण आहे? इंग्लंडमधल्या ॲशवेल गावात लोकांनी हाच उद्योग चर्चमध्ये केलाय, तोही साडेसहाशे वर्षांपूर्वी!

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये हे गाव आहे. तिथलं सेंट मेरी चर्च बरंचसं चौदाव्या शतकातलं. गाव लहान, पण मनोरा १७६ फूट उंच. आतला दगड खडूच्या जातीचा, मऊ. टोकदार काहीही फिरवलं की अक्षर उमटतं. मग काय! कुणीतरी लॅटिनमध्ये आर्चडीकनला, म्हणजे चर्चच्या बड्या अधिकाऱ्याला, चक्क गाढव म्हटलंय. आणखी एकाला बांधकामाचे कोपरे नीट जुळलेले दिसले नाहीत, तर त्याने ‘थू’ असं लिहून ठेवलंय.

मनोऱ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर मात्र वेगळंच काही आहे. साल कोड्यासारखं घातलंय : एक हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा. म्हणजे १३५०. ‘ब्लॅक डेथ’ नावाचा प्लेग १३४८ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोनेक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं घेऊन गेला. लिहिणारा सांगतो, की काळ भयंकर होता आणि साक्ष द्यायला आता नुसता गाळ उरलाय. म्हणजे स्वतःसकट वाचलेल्या सगळ्यांना तो गाळ म्हणतोय! माझी बारावी २०२१ ची, परीक्षाच न झालेली बॅच. ‘आपण कसे काय राहिलो?’ हा प्रश्न त्या वर्षी आमच्याही घरात होता, फक्त कुणी मोठ्याने विचारला नाही.

‘मग गडावर आम्ही नाव कोरलं तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं, आणि तो गुन्हाही आहे. शिवाय या माणसाने स्वतःचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

त्याच मजकुरात पुढे १३६१ येतं. त्या वर्षी प्लेग परतला होता आणि या खेपेला मुलं फार गेली. भिंतीवर नोंद आहे ती मात्र सेंट मॉरच्या दिवशी घोंगावलेल्या वादळाची. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे आपल्या हिशेबाने ती तारीख १५ जानेवारी १३६२. त्या वादळाने नॉर्विच कॅथेड्रलचा कळस पाडला, समुद्रापलीकडे नेदरलँड्सच्या बाजूला हजारो माणसं बुडवली. ॲशवेलची ती भिंत अजून उभी आहे, अक्षरांसकट.