पीटीच्या तासाला काय मोजतात?

कबड्डीसाठी दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात. शेवटी जो उरतो, त्याच्या शरीराचा निकाल भर मैदानात लागलेला असतो. सरांनी फक्त संघ पाडायला सांगितले होते, एवढंच.

आपल्या शरीराबद्दल आपलं काय मत आहे, हे तपासणारी एक प्रश्नावली केनेथ फॉक्स आणि चार्ल्स कॉर्बिन यांनी १९८९ मध्ये तयार केली. खेळातलं कौशल्य, तंदुरुस्ती, ताकद आणि दिसणं, या चार बाजूंनी ती हे मत चाचपते. ते घडतं कशावरून? आरशाइतकाच त्यात शिक्षकाच्या मोजपट्टीचा हात असतो. मुलाला कालच्या त्याच्याशी ताडायचं की शेजारच्याशी?

मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी दाखवलं, की लहान मुलांना मेहनत आणि कुवत यांतला फरक नीट कळत नाही. जीव तोडून धावला तो चांगला धावला, असा त्यांचा सरळ हिशेब. साधारण अकरा-बाराव्या वर्षी तो मोडतो. दोघे बरोबरीने पोचले, तर कमी घाम गाळणारा सरस ठरतो. मग कच्च्या खेळाडूला मेहनत करणंच लाजिरवाणं वाटू लागतं. 'मला खेळायचंच नव्हतं' म्हणणं सोपं पडतं. नेमकी हीच वयात येण्याची वेळ. सातवीच्या एकाच वर्गात कुणाला मिसरूड फुटलेली, तर कुणाची उंची अजून वाढायची. तेव्हाचा पहिला नंबर बऱ्याचदा फक्त लवकर वाढल्याचा असतो.

प्रगतीची दखल घेणाऱ्या, चुकायला मुभा देणाऱ्या वर्गांत मुलं स्वतःला अधिक सक्षम मानतात, असं अनेक अभ्यासांत दिसतं. मात्र यातले बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. मुळात चपळ असलेल्या मुलालाच वर्ग प्रेमळ वाटत असेल, ही शक्यता उरतेच. शिवाय स्पर्धा म्हणजे विष नव्हे. चुरस आणि शिकणं एकाच मैदानावर नांदू शकतं.

'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ६०० मीटर धावणं असतं, उंची-वजनही असतं. धावण्याच्या वेळा क्रमवारीने फळ्यावर लावता येतात, किंवा प्रत्येकाच्या हाती त्याची मागच्या सत्रातली वेळ देता येते. स्टॉपवॉच तेच. वजन मात्र वर्गासमोर मोठ्याने वाचायचं काहीच कारण नाही, आणि हे बंद करायला पैसाही लागत नाही.