प्लास्टिकचे सूक्ष्म कण व यकृताचे आरोग्य
शेतात राहिलेला मल्चिंगचा कागद उन्हाने जीर्ण होऊन त्याचे ५ मिलिमीटरहून लहान कण होतात. असे कण अन्नपाण्यावाटे पोटात जाऊ शकतात. उंदरांवरील प्रयोगांत या कणांनी आतड्याचे अस्तर दुबळे होऊन यकृतात दाह व चरबी वाढल्याचे आढळले आहे. माणसात मात्र हा संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. लठ्ठपणा व मधुमेह ही यकृतात चरबी साठण्याच्या प्रमुख कारणांपैकी होत. तथापि सावधगिरी इष्ट आहे. पीक निघताच शेतकरी बंधूंनी कागद गोळा करावा; तो नांगरटीत गाडू नये वा जाळू नये. गरम चहा व कालवण प्लास्टिकच्या पिशवीतून शेतावर नेऊ नये. स्टीलचा डबा वापरावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतकऱ्यांस समजावून द्यावे.