१,२०,००० आणि १०,४०,००० : जळालेल्या घराचा हिशेब

१,२०,००० रुपये. घर आगीत पूर्ण जळालं, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांप्रमाणे सपाट भागातल्या कुटुंबाला घरासाठी मिळू शकणारी मदत एवढी. कपड्यांचे २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानाचे २,५०० वेगळे. सगळे मिळून सव्वा लाख. झोपडी जळाली तर ८,०००. पक्क्या घराची पडझड अंशतः, पण किमान १५ टक्के असेल तर ६,५००.

आता दुसरी बाजू. समजा, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात ६५० चौरस फुटांचं स्लॅबचं घर आहे आणि बांधकामाचा दर फुटाला १,६०० रुपये धरला. घर पुन्हा उभं करायला १०,४०,००० रुपये लागतील. सरकारी मदत त्याच्या साडेअकरा टक्के. उरलेले साडेअठ्ठ्याऐंशी टक्के कुठून येणार, हे आग लागण्याच्या कितीतरी आधी, पॉलिसीचा अर्ज भरताना ठरलेलं असतं.

अर्जातला आकडा

१ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देणं बंधनकारक आहे. तिच्यात घराची विमा रक्कम काढण्याची रीत सरळ आहे : चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर. जागेची किंमत त्यात येत नाही. बाजारपेठेतला प्लॉट कितीही महाग असो, तो जळत नाही. म्हणून ‘घराची किंमत ३० लाख’ म्हणून तेवढ्याचा विमा काढणारा हप्ता जास्त भरतो, भरपाई मात्र बांधकामापुरतीच मिळते.

घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आपल्या उदाहरणात ते २,०८,०००. त्याहून जास्त हवं असेल तर सामानाची यादी द्यावी लागते. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि कागदपत्रं एरवी विम्याबाहेर. कपाटात ठेवलेले कापसाचे पैसे जळाले, तर ते गेले.

या पॉलिसीत फार मोलाची गोष्ट म्हणजे कमी रकमेच्या विम्याची कपात नाही. १०.४० लाखांच्या घराचा विमा ६ लाखांचाच काढला आणि ३ लाखांचं नुकसान झालं, तर जुन्या प्रमाणशीर पद्धतीत सुमारे १ लाख ७३ हजारच मिळाले असते. इथे ३ लाख मिळतात. पण सगळंच घर जळालं तर मर्यादा ६ लाखांचीच. याशिवाय मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते.

शॉर्टसर्किटबद्दल गैरसमज फार. ज्या फ्रिजमध्ये किंवा कूलरमध्ये शॉर्टसर्किट झालं, तेवढं उपकरण विम्याबाहेर. त्यातून पसरलेल्या आगीचं नुकसान मात्र विम्यात येतं. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलर दिवसरात्र चालतात, तिथे हा फरक माहीत असलेला बरा.

६३ दिवसांवरून २३

आग विझली की पहिला फोन विमा कंपनीला. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा. २०१७ च्या नियमांत सर्व्हेअर नेमायला ७२ तास, अहवालाला ३० दिवस आणि निर्णयाला आणखी ३० दिवस होते. म्हणजे ६३ दिवस. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानं हे २४ तास, १५ दिवस आणि ७ दिवस केले. म्हणजे २३ दिवस.

सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नये. फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवावेत. कागद तीन ठिकाणचे लागतात : पोलिस ठाण्यातली आकस्मिक जळिताची नोंद, ज्या नगर परिषदेचा बंब आला तिच्या अग्निशमन विभागाचा दाखला आणि तलाठ्याचा पंचनामा. पंचनामा सरकारी मदतीसाठी होतो, पण सर्व्हेअरही तो वाचतो. पंचनाम्यात दोन खोल्या आणि दाव्यात चार, अशी तफावत राहिली की दावा तिथेच अडकतो.

दुसरी अडचण नावाची. घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर वारलेल्या वडिलांचं नाव आणि पॉलिसी मुलाच्या नावाची, असं असेल तर वारसाची नोंद आधीच करून घ्यावी. घरावर कर्ज असेल तर भरपाईवर बँकेचा हक्क आधी लागतो. आणि कर्जासोबत घेतलेला विमा घराचा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, हे आजच उघडून पाहावं.

पॉलिसी नसलेल्यांसाठीही एक आकडा आहे. गॅस सिलिंडरमुळे अपघात झाला असेल, तर तेल कंपन्यांच्या सार्वजनिक दायित्व विम्यातून मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत मिळू शकतात. ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. वितरकाला ताबडतोब कळवायचं.

दावा नाकारला तर

आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभरात पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपाल ५० लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतो, वकील लागत नाही. दुसरा रस्ता अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत २ वर्षं. तिथलं शुल्क भरलेल्या हप्त्यावरून ठरतं आणि ५ लाखांपर्यंत ते शून्य आहे.

१,६२,२०० रुपयांचा कापूस

वऱ्हाडातल्या घराचा एक हिशेब मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. भाव वाढेल या आशेनं माजघरात छतापर्यंत रचलेला कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वीस क्विंटलचे झाले १,६२,२००. घर जळाल्याच्या सरकारी मदतीपेक्षा जास्त.

गृहविम्यातलं घरसामान म्हणजे घरात वापरायच्या वस्तू. विक्रीचा माल त्यात धरत नाहीत. राज्यात २०२५ च्या खरिपाआधी पीक विम्यात मिळणारं काढणीनंतरचं संरक्षणही कापून वावरात वाळत घातलेल्या पिकालाच होतं, तेही १४ दिवस आणि अवकाळी पाऊस, गारपीट, चक्रीवादळ अशा कारणांसाठी. गोठ्यातला बैल दगावला तर मदतीच्या निकषांत ३२,००० आहेत, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००. घरात आणून ठेवलेल्या कापसाला काहीच नाही. आणि आग सगळ्यात लवकर धरतो तो कापूसच, भिंतीला लागून पऱ्हाटीची गंजी असेल तर आणखीच लवकर.

म्हणून घराचा विमा काढताना एजंटला पहिला प्रश्न कापसाचा विचारावा : या मालाचा वेगळा विमा मिळेल का, आणि घरात इतका कापूस असतो हे अर्जात लिहिलं का? ते लिहायचं राहिलं, तर वीस क्विंटलच्या नुकसानीबरोबर १०,४०,००० चा दावाही वादात सापडू शकतो.