वजन गेलं, कातडी राहिली! टमी टक म्हणजे नक्की काय?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला निघते, तो टप्पा मला लहानपणापासून चालायचा होता. १२८ किलो वजनात ते जमणं शक्यच नव्हतं. मग बॅरिएट्रिक सर्जरी केली, वर्षभर खाणं सांभाळलं, रोज चाललो आणि ८१ किलोवर आलो. त्या आषाढात निघालो. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण डोळे भरून पाहिलं. पाय ठणठणीत, दम अजिबात लागला नाही. पण सणसरला पोचलो तेव्हा शर्टाच्या खालच्या कडेला रक्ताचे डाग होते. पोटाखाली लोंबणारी कातडी दिवसभर घामात घासून सोलवटली होती.

घरी इंदापूरला आल्यावर मी ऑपरेशनचा विषय काढला. आई म्हणाली, “आरं, एवढं वजन उतरवलंस ना? मग आता पोट कशाला फाडून घेतोस? हिरो व्हायचंय का?” आजचा भाग म्हणजे आईच्या या प्रश्नाचं उत्तर आहे.

व्यायामाने का जात नाही?

शंभर किलोचं पोतं अर्धं रिकामं केलं तरी पोतं तेवढंच राहतं. कातडीचंही तसंच. तिला ताण देणारे आणि परत आखडून घेणारे तंतू असतात, कोलॅजन आणि इलॅस्टिन. वर्षानुवर्षं ताणले गेले की ते तुटतात आणि चरबी गेली तरी कातडी पूर्ण मागे येत नाही. सिट-अप्स मारून स्नायू बळकट होतो, कातडी कमी होत नाही. क्रीम, तेल, पट्टा यांनीही नाही.

आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. घडीत घाम साचतो, हवा लागत नाही, मग बुरशी, खाज, वास, जखमा. मलम लावलं की बरं, थांबवलं की परत.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देतात. अंडरवेअरच्या रेषेत, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात. कातडी आणि खालची चरबी वर बरगड्यांपर्यंत सुटी करतात. पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले असतील तर ते टाके घालून जवळ आणतात. मग कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकतात. बेंबी जागेवरच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवीन भोक करतात. खूप वजन उतरलेल्यांची कातडी आडवीही सैल असते, त्यामुळे काहींना मधोमध उभा छेदही लागतो.

दोन शब्दांत गोंधळ करू नका. लायपोसक्शन चरबी ओढून काढतं, कातडी नाही. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबणारा भाग काढतात, स्नायू शिवत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातलं काहीही वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. ते काम आधीच झालेलं असावं लागतं.

मला डॉक्टरांनी परत का पाठवलं?

पालखीनंतर लगेच पुण्याला प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, “वजन अजून उतरतंय. आत्ता केलं तर परत कातडी सैल पडेल. सहा महिने वजन एका जागी राहू दे, मग या.” राग आला, पण बरोबर होतं. बॅरिएट्रिकनंतर साधारण एक ते दीड वर्ष थांबायला सांगतात ते याचसाठी.

दुसरं कारण रक्ताच्या रिपोर्टमध्ये होतं. बॅरिएट्रिकनंतर लोह, बी-१२ आणि प्रोटीन कमी पडू शकतं आणि एवढी मोठी जखम भरायला तेच लागतं. तिसरा प्रश्न होता तंबाखूचा. सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळं मोजायचं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि ओढून शिवलेल्या कातडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडून मरते. किमान चार आठवडे आधी बंद, आणि नंतरही. डॉक्टरांशी इथे खोटं बोललात तर नुकसान तुमचंच.

नंतरचे दिवस

वजन ७६ वर थांबलं, सहा महिने हललं नाही, मग ऑपरेशन झालं. पहिला आठवडा मी घरी आलोच नाही, हडपसरला मावसभावाकडे राहिलो. पोटातून दोन नळ्या बाहेर, त्यात साचणारं पाणी रोज मोजून लिहायचं. ताप आला, पाय सुजला तर तासाभरात डॉक्टर गाठता यायला हवा. इंदापूर तिथून सव्वाशे किलोमीटर. बारामती-इंदापूरकडच्यांनी ही सोय आधी बघा, पॅकेजचा भाव नंतर.

पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालायचं, नाहीतर टाक्यांवर ताण येतो. पण चालायचं मात्र लगेच. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. सहा आठवडे दाबून धरणारा पट्टा आणि जड काही उचलायचं नाही. लॅपटॉपवर मी तिसऱ्या आठवड्यात बसलो. नळ्या काढल्यावर एका बाजूला पाणी साचलं, ते दोनदा सुईने काढावं लागलं. हे बऱ्याच जणांना होतं, पण त्या रात्री मी घाबरलो होतो, हे खरं.

पैसे आणि कागद

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपवाद म्हणजे अपघात, भाजणं, कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा डॉक्टरांनी आरोग्यासाठी गरजेचं म्हणून लिहून दिलेले उपचार. म्हणून पुरळ, जखमा, संसर्ग झाला की दर वेळी केसपेपरवर नोंद करून घ्या, फोटो ठेवा. क्लेम मिळेलच असं नाही, पण कागद नसेल तर बोलणंच खुंटतं. आणि सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. इन्स्टाग्रामचे फॉलोअर्स ही पदवी नव्हे.

आईला काय सांगितलं?

तिला पुण्याचीच गोष्ट सांगितली. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक हकिकत छापून आली. इंग्रज सैन्यातल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक करून दिलं. ते वाचून युरोपातले डॉक्टर कामाला लागले. कावसजीला हिरो व्हायचं नव्हतं, त्याला चारचौघांत वावरायचं होतं.

आई काही बोलली नाही. पण पट्टा धुऊन वाळत घालायचं काम नंतर तिनेच घेतलं.

व्रण आहे आणि तो राहणार. बेंबीखाली अजून थोडं बधिर लागतं. पण यंदाचा मे महिना मी मलमाशिवाय काढला. तुमचं वजन उतरत असेल तर घाई करू नका, आणि उतरून थांबलं असेल तर लाजू नका. चला, भेटू पुढच्या भागात!