बी जिवंत आहे का?

शेळी सजीव, जातं निर्जीव, हे लहान पोरही सांगेल. पण ओढा वाहतो, जाळ पसरतो, ट्रॅक्टर डिझेल पितो आणि धूर सोडतो. मग ते सजीव का? नाही. नुसती हालचाल ही जिवंतपणाची खूण नव्हे. सजीवाचं शरीर पेशींचं असतं. तो श्वास घेतो, अन्नावर वाढतो, नको ते बाहेर टाकतो आणि आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतो. ट्रॅक्टरला पिल्लू होत नाही!

आता उलटं बघू. बराखीतला कांदा, सातगाव पठारावर लावायचा बटाटा, डब्यातलं बी. सगळं निपचित पडलेलं, तरी सजीव. कांदा श्वास घेतो, म्हणून बराखीत हवा खेळती लागते. कोंडला की तो तापतो, सडतो.

बी म्हणजे झोपलेला जीव. पोटातल्या शिदोरीवर ते अगदी हळू श्वास घेत असतं. ओल आणि उष्णता लागली की श्वास वाढतो, शिदोरी खर्च होते, बी मरतं. मेलेलं बी दिसायला मात्र जिवंत बियासारखंच! फसगत होते ती इथेच. कांद्याचं बी तर फार लवकर जीव सोडतं. साध्या साठवणीत वर्षभरातच त्याची उगवण घटते. रोप उगवलं नाही तर पैसा जातो, हंगाम जातो, पण गटाच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही.

म्हणून टाकण्याआधी पारख करू. न निवडता १०० बिया मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. फडकं ओलसर राहू द्या, पण पाणी साचू देऊ नका. बुडालेल्या बियाला श्वास घेता येत नाही. १२ दिवसांनी चांगले कोंब मोजा. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. त्याहून कमी आली तर ते बी वाफ्यात टाकू नका. विकतच्या बियाण्याचं बिल, पिशवी आणि थोडं बी पीक निघेपर्यंत जपा.

शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. पैशाची ठेव वर्षानुवर्षं पडून चालते, बियाण्याची चालत नाही. ती पुन्हा पेरावी लागते, कारण ती जिवंत आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचं मूठभर बी आणा. आम्ही फडकी आणतो. पारख सगळ्या मिळून करू.