एका टेकडीचे दोन भूखंड

हाँगकाँगच्या नकाशात वान चाई भागातला ऑय क्वान रोड पाहा. आजूबाजूचे रस्ते आपले सरळ जातात, हा मात्र गोल फिरून येतो. आत शाळा, पोहण्याचा तलाव, क्वीन एलिझाबेथ स्टेडियम. या भागाचं नाव मॉरिसन हिल. हिल मात्र औषधालाही नाही.

1841 मध्ये इंग्रजांनी बेट ताब्यात घेतलं, तेव्हा वान चाईचा किनारा आणि हॅपी व्हॅली यांच्यामध्ये ही टेकडी उभी होती. रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्याच्या नावाने चालणारी शाळा मकावहून 1842 मध्ये इथे आली. ती जेमतेम सात-आठ वर्षं टिकली. पण तिचा विद्यार्थी युंग विंग 1854 मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला, अमेरिकेत पदवी मिळवणारा पहिला चिनी. पुढे त्याच्याच खटपटीने चीन सरकारने 120 मुलं अमेरिकेला शिकायला धाडली.

बेट डोंगराळ, सपाट जागा म्हणजे किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, आणि माणसं वाढत चाललेली. पुढचं मुंबईकराला सांगायला नको. 1921 मध्ये भरावाची ‘प्राया ईस्ट’ योजना सुरू झाली. टेकडी फोडायची, माती-दगड छोट्या रुळांवरून किनाऱ्याला न्यायचे आणि समुद्रात ओतायचे. दशक सरेपर्यंत 80 एकरांहून अधिक जमीन वर आली. हेनेसी रोड, लॉकहार्ट रोड तिच्यावरच आहेत. डोंगराच्या जागी सपाटी, समुद्राच्या जागीही सपाटी! जमीन सरकारी, ती भाडेपट्ट्याने द्यायची. म्हणजे तिजोरीची दोन्हीकडून सोय. टेकडी वाचवायला कुणी शाळेची आठवण काढली असती, तरी या हिशेबापुढे तिचा निभाव लागणं कठीणच होतं.

जवळची दुसरी टेकडी मात्र शाबूत आहे. तिच्यावर नौदलाचं इस्पितळ होतं. 1949 मध्ये जहांगीर रतनजी यांच्या देणगीतून तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. हे मूळ मुंबईचं पारशी घराणं. ते इस्पितळ आजही रतनजी हॉस्पिटल म्हणूनच ओळखलं जातं.

कधी तिकडे गेलात तर जॉन्स्टन रोडवरून ट्रामने जा. 1904 मध्ये हे रूळ टाकले, तेव्हा रस्त्याला लागून समुद्र होता. रस्त्याचं वळण त्या किनाऱ्याचंच आहे. मग उतरून क्वीन्स रोड ईस्टवरचं हुंग शिंगचं देऊळ बघा. हा दर्यावर्दींचा देव, देऊळही किनाऱ्यालाच बांधलेलं. भरावावर भराव पडत गेले आणि आता समुद्र तिथून अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब आहे.