गाडीवरचे झणझणीत सूप घरच्या पातेल्यात

आमच्या वस्तीत महिन्यातून एकदा मी रक्तदाब तपासायला बसते. एक आजी नेमाने येतात. गोळी चुकवत नाहीत, पापड-लोणचे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केले. तरी गेल्या पावसाळ्यात त्यांचा आकडा १७०/१०० आला. दोन वेळा मोजला, तोच. पायावर बोट दाबले तर खड्डा पडत होता.

"आजी, मीठ वाढलंय का?"

"न्हाय ओ सिस्टर. भाजीत बी अर्धंच टाकते. पोरं ओरडत्यात, आळणी आळणी म्हणून."

मग बोलता बोलता निघाले. नातू कामावरून येताना रोज चायनीजच्या गाडीवरून सूप आणतो. आजीला दात नाहीत, जेवण जात नाही, म्हणून नातवाची माया. पिशवीतले गरम सूप वाटीत ओतायचे, फुर्रकन प्यायचे, जिभेला चव येते, नाक मोकळे होते. "सूप तर पातळ पाणीच असतंय, त्यात काय असतंय?" हा आजींचा प्रश्न, आणि आजचा हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

फलटणच्या एस.टी. स्टँडकडे दिवेलागणीला गेलात तर गाड्यांच्या शेगड्यांचा भरभर आवाज आधी ऐकू येतो, वास मागून येतो. एका संध्याकाळी मी एका गाडीजवळ उभी राहून नुसती मोजत बसले. एका वाटी मंच्यावमध्ये सोया सॉस गेला साधारण दोन चहाचे चमचे. मीठ अर्धा चमचा. वर अजिनोमोटोची चिमूट, आणि शेजवान चटणी वेगळी, तिच्यात तिचे मीठ वेगळे. घरी येऊन हिशोब केला. १५ मिली सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून थोडे जास्त मीठ असते. म्हणजे दोन चमच्यांतले दीड ग्रॅम, वरचे मीठ अडीच ग्रॅम, झाले चार ग्रॅम, चटणी सोडून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, भाकरी, भाजी, आमटी, सगळे धरून. आजींनी भाजीतून वाचवलेले मीठ संध्याकाळी वाटीतून परत येत होते.

सोया सॉस काळा असतो म्हणून मीठ दिसत नाही.

अजिनोमोटोबद्दल मात्र लोक नको तितके घाबरतात. १९०८ साली किकुने इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव शोधून काढली. तीच चव टोमॅटोत असते, हाडांच्या रश्श्यात असते, भाजलेल्या सुकटीत तर भरपूर असते. ते विष नाही. पण त्यातही सोडियम आहे, मिठाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून मीठ घातल्यावर वरून ते घालायची गरज नसते. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये, हे आपल्याकडच्या पाकिटांवर छापावेच लागते. बाळाला चमचा चमचा सूप चाटवणाऱ्या मावश्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

खरी काळजी रंगाची. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घालायचे ठरवले, तेव्हा अस्वच्छता आणि कृत्रिम रंग हीच कारणे सांगितली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. नमुन्यांत रोडामाइन-बी सापडले होते. ते कापड रंगवायचे रसायन आहे, खाण्यात त्याला परवानगीच नाही. चमच्याने ढवळल्यावर बोटाला लागलेला लाल डाग साबणाने जात नसेल तर तो मिरचीचा नसल्याचा संशय घ्या.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, सिस्टर आता गाडी बंद करा सांगणार. नाही सांगत. त्या गाड्यांवर आपलीच पोरे कोबी चिरतात, रात्री बारापर्यंत भांडी घासतात. आणि चव चांगली असते, मलाही आवडते. पण नातवाला आजीसाठी रोज काही न्यायचे असेल तर तेच झणझणीत सूप घरी होते. त्यात गाडीवरच्यापेक्षा जास्त सत्त्व घालता येते, कारण ज्या मूळ सूपाची ही नक्कल आहे, ते आपल्या आज्यांच्या रश्श्याचे सख्खे भावंड आहे.

ती गोष्ट थोडक्यात सांगते. मंच्याव सूप चीनमध्ये मिळत नाही. ते इथलेच. कलकत्त्यात येऊन राहिलेल्या चिनी कुटुंबांपैकी हक्का लोकांनी टांग्र्यात चामडे कमावण्याचे कारखाने टाकले. इथल्या वरच्या म्हणवणाऱ्या जाती ज्या कामाला शिवत नव्हत्या, ते काम त्यांनी उचलले. कलकत्त्याच्या चिनी वस्तीतूनच आले-लसूण-हिरवी मिरचीवाले आपले देशी चायनीज निघाले. कलकत्त्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात चिकन मंच्युरियन पहिल्यांदा केले असे सांगतात. पुढच्या काळात ते मोठ्या हॉटेलातून गाडीवर उतरले आणि तालुक्याच्या गावापर्यंत आले.

'शेजवान' हा शब्द ज्या सिचुआन प्रांतावरून आला, तिथले खरे तिखट सूप म्हणजे हॉट पॉट, त्यांच्या भाषेत 'अग्नीचे भांडे'. त्याचे गाव चोंगचिंग, यांगत्से आणि जियालिंग या दोन नद्यांच्या संगमावरचे बंदर. तिथले नावाडी आणि हमाल दिवसभर ओझी वाहून थंडीत काठावर चूल मांडायचे. चांगले मांस पैसेवाल्यांकडे जायचे. यांच्या वाट्याला यायची वजडी, आतडी, काळीज. वास मारायला ढीगभर मिरची, आणि जीभ बधिर करणारे एक फळ. उकळत्या रश्श्यात एकेक तुकडा बुडवायचा आणि खायचा.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. वजडी चुन्याच्या पाण्यात धुऊन, खरवडून, मिरची-लसणाच्या वाटणात शिजवणारी. टाकून दिलेल्या भागांतून चव काढायची कला आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचे हे खाणे नीट नोंदवून ठेवले आहे. तिकडे चोंगचिंगची वजडी आज लोक मोठ्या हॉटेलात रांग लावून खातात. आपली पोरे मात्र घरचा पायाचा रस्सा बाजूला सारून कॉर्नफ्लोअरच्या पाण्याला पैसे मोजतात. दोष पोरांचा नाही. गाडीवर गेले की चार मित्र भेटतात, वाफ येते, कुरकुरीत नूडल्स वर पडतात.

तेव्हा घरी करू. पाच जणांचा अंदाज सांगते.

अर्धा किलो हाडासकट चिकन घ्या. पाठी-गळे घेतले तर आणखी स्वस्त. दोन लिटर पाणी, आल्याचा तुकडा ठेचून, थोडी हळद. मीठ नाही. कुकरला तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटे. मांस न खाणाऱ्यांनी कोबीचा दांडा, गाजराची टोके, कांदा, टोमॅटो हेच उकळून गाळावे. हाडाच्या पाण्यातून फार कॅल्शियम मिळते असा समज आहे, तो खरा नाही. उतरते ती चव. बळ येते ते मांस खाल्ल्याने. त्यात शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून टाकल्या तर प्रत्येकाला दहा ग्रॅम प्रथिने वाढीव मिळतात, आणि वड्या रस्सा पिऊन मांसासारख्या लागतात.

लाल रंगासाठी आठ ब्याडगी मिरच्या, तिखटासाठी दोन-तीन संकेश्वरी. बिया झटकून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, लसणाचा एक गड्डा घालून बारीक वाटा. दोन मोठे चमचे तेल मंद तापवा, धूर निघू देऊ नका, आणि हे वाटण तेल सुटेपर्यंत परता. ताजे तेल हवे. भजी तळून उरलेले काळे तेल इथे खपवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडा.

आता ते बधिर करणारे फळ. चिनी लोक ज्याला मिरीसारखे वापरतात, त्याचाच चुलत भाऊ आपल्या कोकणात आहे. तिरफळ. मालवणी बांगड्याच्या कालवणात असते ते. किराणा दुकानात पाच-सहा मागा. फक्त नीट नाव सांगा, एका बाईने दुकानातून त्रिफळा चूर्ण आणून रश्श्यात टाकले होते आणि मग घरभर जे झाले ते मी इथे लिहीत नाही. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, टरफल तेवढे ठेचून घालायचे. जिभेला झिणझिण्या येतात, ओठ गार पडल्यासारखे वाटतात. चिनी नावातल्या 'मा' म्हणजे या झिणझिण्या आणि 'ला' म्हणजे तिखट.

अजिनोमोटोऐवजी मूठभर सुकट दोनदा धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून भुगा करा आणि दोन चमचे घाला. धुतल्याने वरचे मीठ जाते. मग रस्सा ओता, उकळी आली की गाजर, कोबी, शेवटी कांद्याची पात आणि शेवग्याचा किंवा पालकाचा पाला, दोन मुठी. दाट हवे असेल तर कॉर्नफ्लोअर कशाला, ज्वारीचे पीठ दोन चमचे कोरडे भाजून गार पाण्यात कालवून सोडा. ज्यांच्या माहेरी येसर करतात त्यांना हे शिकवायला नको. नूडल्सऐवजी उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया वेगळ्या शिजवून घाला. पाकिटातल्या नूडल्स वापरल्या तर आतली मसाल्याची पुडी टाकू नका, तिच्यातही मीठच भरलेले असते. वरून शेंगदाण्याचा कूट, एक चमचा. चीनमध्येही कुठे कुठे तिळाची पेस्ट घालतात, आपला कूट शोभतो.

मीठ सगळ्यांत शेवटी, आणि त्याआधी आजीची वाटी बाजूला काढून. त्या वाटीत मीठ नाही, सोया सॉस नाही. लिंबू पिळा, तिरफळ-लसणाची चव आहेच. आळणी लागत नाही, करून बघा. बाकीच्या पातेल्यात सपाट एक चमचा मीठ आणि दोन चहाचे चमचे सोया सॉस, म्हणजे माणशी साधारण दीड ग्रॅम मीठ होते. लिंबू मात्र सगळ्यांनी पिळावे. पाल्यातले लोह अंगी लागायला त्यातले 'क' जीवनसत्त्व मदत करते, आणि आपल्या वस्तीतल्या किती मुलींचे हिमोग्लोबिन कमी निघते ते मी दर तपासणीला बघते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते, त्यात पोटॅशियम असते. किडनीचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिखटाने अल्सर होतो का, असे हमखास विचारतात. अल्सर बहुतेक वेळा पोटातल्या एका जंतूमुळे किंवा अंगदुखीच्या गोळ्या सारख्या खाल्ल्याने होतो. जंतूचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. पण आधीच जळजळ असेल तर तिखटाने ती वाढते, त्यांनी मिरच्या निम्म्या कराव्यात. काळी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसले तर घरगुती उपाय नको, थेट दवाखाना.

हॉट पॉटची एक रीत मात्र आपल्या घरांत आणू नका. चीनमध्ये उकळते भांडे शेगडीसकट मधोमध ठेवून सगळे भोवती बसतात. मोबाइलवर बघून आपल्याकडेही पोरे तसे करायला जातात. दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर गॅस, भोवती रांगती मुले. मी वॉर्डात होते तेव्हा रश्श्याने भाजलेली लेकरे बघितली आहेत. तेलाचा तवंग असलेला रस्सा अंगाला चिकटून राहतो आणि साध्या गरम पाण्यापेक्षा खोल भाजतो. पातेले ओट्यावरच ठेवा, वाट्या भरून आणा. कुणी भाजलेच तर कपडे, बांगड्या लगेच काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. कोलगेट, शाई, हळद, बर्फ, काही नको. फोड आला तर फोडू नका. लहान मूल असेल, किंवा चेहरा, हात, जांघ भाजली असेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

आणि गाडीवरून आणायचेच झाले तर स्टीलचा डबा घेऊन जा. उकळते सूप पातळ प्लास्टिकच्या पिशवीत नको. "सोया निम्मा टाक, मीठ नको" म्हटले तर गाडीवाला ऐकतो, मी सांगून बघितले आहे.

आजींच्या नातवाने रविवारी हे सूप स्वतः केले. मिरच्या वाटताना शिंकून शिंकून हैराण झाला, पण केले. आजींची गोळी चालूच आहे, ती सूपाने सुटत नाही. पुढच्या दोन महिन्यांत आकडा उतरला आणि पायाची सूज गेली. परवा आजी म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यात वजडी टाकू. मी म्हटले, साफ करायला येते मदतीला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितले.

"सिस्टर, तुम्हाला जमतंय का ते?"